नोंदींची रुजवात

बँकेचे खाते, रुग्णालयातील तपासण्यांचे अहवाल, रेल्वेच्या आरक्षणाचे तक्ते, असा जो जो मजकूर आज संगणकाच्या स्वाधीन झालेला आहे, तो ज्या सर्व्हरवर वाचला-लिहिला जातो त्याच सर्व्हरच्या पोटात साठविलेला असतो, अशी सर्वसामान्य वाचकाची समजूत असते. आणि घरच्या संगणकापुरती ती खरीही आहे. मोठ्या संस्थांत मात्र व्यवस्था निराळी असते. तेथे गणन करणारी यंत्रे एका रांगेत आणि साठवण करणारी यंत्रे दुसऱ्या रांगेत उभी असतात, दोहोंच्या मध्ये काचतंतूंचे जाळे पसरलेले असते, आणि त्या जाळ्यात जागोजागी बसविलेले स्विच, कोणत्या सर्व्हरने कोणत्या साठ्याशी बोलावे, याचा निवाडा क्षणोक्षणी करीत असतात. हा निवाडा चुकतो तो का चुकतो, आणि चुकला आहे हे निर्विवादपणे सिद्ध कसे करावे, एवढाच प्रस्तुत ग्रंथाचा विषय आहे. लेखकाचे म्हणणे थोडक्यात सांगावयाचे तर असे, की स्विचमध्ये एकच वस्तुस्थिती चार-पाच ठिकाणी नोंदलेली असते आणि अवघड दोष बहुधा त्यांपैकी कोणत्याही एका नोंदीत सापडत नाही, तो दोन नोंदींच्या विसंवादात सापडतो. म्हणून दोष हुडकणाऱ्याने एकेक तक्ता स्वतंत्रपणे चाळीत न बसता तक्त्याशी तक्ता ताडून पाहावा. हे म्हणणे मला सर्वस्वी मान्य आहे, आणि ते का मान्य आहे हे सांगण्यासाठीच ही प्रस्तावना काहीशी लांबणार आहे.

फायबर चॅनल या नावाने ओळखली जाणारी संदेशवहनाची जी पद्धती या जाळ्यांत मुख्यत्वेकरून वापरली जाते, तिच्या आखणीस १९८८ मध्ये अमेरिकेत प्रारंभ झाला आणि १९९४ मध्ये तिला मानक म्हणून मान्यता मिळाली. सेकंदाला एक गिगाबिटपासून दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस अशा पायऱ्या चढत तिचा वेग चौसष्टांवर आला, पण मूळ स्वभाव पालटला नाही. इंटरनेटच्या जाळ्यात गर्दी झाली की मधला स्विच पाकीट खुशाल टाकून देतो आणि हरवलेले पाकीट पुन्हा मागविण्याची जबाबदारी दोन टोकांच्या यंत्रांवर सोडतो. डिस्कशी बोलण्याची जी स्काझी नामक भाषा आहे, तिला हा बेफिकीरपणा मानवत नाही. तिचा एखादा हुकूम वाटेत गहाळ झाला तर तो गहाळ झाल्याचे कळण्यातच कित्येक सेकंद खर्ची पडतात, आणि तेवढ्या अवधीत वर चालणारा डेटाबेस हवालदिल होतो. म्हणून फायबर चॅनलमध्ये, पलीकडच्या बाजूस जागा मोकळी असल्याची आगाऊ हमी मिळाल्यावाचून एकही फ्रेम, म्हणजे या जाळ्यातले पाकीट, पुढे सरकत नाही. या हमीस बफर क्रेडिट म्हणतात. याचा परिणाम असा, की या जाळ्यात न पोहोचलेली फ्रेम एक तर कोठेतरी थांबलेली असते, किंवा वाटेत विकृत झाल्यामुळे टाकून दिलेली असते, किंवा तिला जाण्याची परवानगीच नसते. पहिल्या दोन प्रकारांच्या खुणा पोर्टवरील काउंटरांत उमटतात आणि थोड्या सरावाने त्या कोणालाही वाचता येतात. तिसरा प्रकार कठीण, कारण त्यात पोर्टवरचे सर्व दिवे हिरवे असतात, चुकांचे आकडे शून्यावर असतात, केबल निर्दोष असते, आणि तरीही सर्व्हरला त्याची डिस्क दिसत नाही. प्रस्तुत ग्रंथाचा सारा भर या तिसऱ्या प्रकारावर आहे.

परवानगीचा हा कारभार समजून घ्यावयाचा तर एखादा सर्व्हर जाळ्यात प्रवेश करतो तेव्हा कोणकोणत्या दफ्तरांत त्याची नोंद पडते, हे क्रमाने पाहिले पाहिजे. सर्व्हरला या जाळ्याशी जोडणाऱ्या एचबीए कार्डाला कारखान्यातूनच ६४ बिटांचे एक जागतिक नाव दिलेले असते. परंतु फ्रेमवर हे नाव लिहिले जात नाही, तेथे लिहिला जातो तो २४ बिटांचा पत्ता, आणि तो देण्याचा अधिकार स्विचचा असतो. पत्त्याचे आठ-आठ बिटांचे तीन भाग: पहिला स्विचचा डोमेन क्रमांक, दुसरा आणि तिसरा त्या स्विचवरील जागा दाखविणारा. डोमेन क्रमांक १ ते २३९ एवढेच वापरता येतात. केबल जोडताच कार्ड एका ठरीव पत्त्यावर प्रवेशाचा अर्ज करते, स्विच त्याला पत्ता बहाल करतो, आणि ‘अमुक पोर्टवर अमुक नावाच्या कार्डास अमुक पत्ता दिला’ अशी पहिली नोंद होते; रोजच्या बोलीत तिला फ्लोगी टेबल म्हणतात. त्यानंतर कार्ड दुसऱ्या एका ठरीव पत्त्यावर, म्हणजे नेम सर्व्हरकडे, जाऊन आपले नाव, पत्ता आणि आपण स्काझी बोलतो ही माहिती दाखल करते. ही दुसरी नोंद, आणि ती जाळ्यातील सर्व स्विचांना उपलब्ध होते. मग कार्ड नेम सर्व्हरला विचारते, की मला बोलण्याजोगे कोण कोण येथे आहेत. आणि नेम सर्व्हर उत्तर देण्यापूर्वी झोनचा तक्ता पाहतो व त्या कार्डाच्या झोनमध्ये जे असतील तेवढ्यांचीच नावे त्याला सांगतो. झोन ही तिसरी नोंद. साठ्याचा पत्ता कळला की फ्रेम कोणत्या मार्गाने न्यावी हे ठरविणारा मार्गांचा तक्ता ही चौथी.

एवढ्यावर प्रकरण संपले असते तर या ग्रंथाची गरज भासली नसती. या चारही नोंदी स्विचच्या मुख्य प्रोसेसरवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरच्या स्मृतीत असतात, आणि तो प्रोसेसर प्रत्यक्ष फ्रेमला कधी स्पर्शसुद्धा करीत नाही. सोळा गिगाबिटांच्या एकाच पोर्टवरून एका दिशेने सेकंदाला सुमारे १,६०० मेगाबाइट मजकूर वाहतो, आणि एका फ्रेममध्ये जास्तीत जास्त २,११२ बाइट मजकूर मावतो. म्हणजे सगळ्या फ्रेम पूर्ण भरलेल्या धरल्या तरी सेकंदाला साडेसात लाखांच्या आसपास निवाडे एका पोर्टवर होतात, आणि मोठ्या स्विचला अशी शेकडो पोर्ट असतात. इतक्या वेळा सॉफ्टवेअरची परवानगी मागणे अशक्य असल्यामुळे सॉफ्टवेअर आपल्या निर्णयांच्या नकला करून त्या पोर्टामागच्या चिपमध्ये उतरवून ठेवते. या नकला टीकॅम नावाच्या एका विशेष जातीच्या स्मृतीत बसतात. साध्या स्मृतीला आपण जागा सांगतो आणि ती त्या जागेवरचा मजकूर देते. टीकॅमला आपण मजकूर सांगतो आणि तो कोणत्या ओळीत आहे हे ती सर्व ओळी एकाच वेळी तपासून सांगते. तिच्यातील प्रत्येक घर शून्य, एक, किंवा ‘काहीही चालेल’ अशा तीन अवस्थांत राहू शकते. अशी स्मृती महाग पडते, वीज खाते, आणि म्हणून बेताचीच पुरविलेली असते.

ज्यांना हे द्विविध दफ्तर अपरिचित वाटेल त्यांनी तलाठ्याच्या चावडीचे स्मरण करावे. जमिनीचा व्यवहार झाला म्हणजे प्रथम फेरफाराची नोंद धरली जाते, ती मंजूर झाली म्हणजे सात-बारा दुरुस्त होतो, खातेदाराच्या आठ-अ मध्ये क्षेत्र बदलते, आणि या सर्वांहून निराळी अशी शेतातल्या प्रत्यक्ष वहिवाटीची गोष्ट असते. फेरफार मंजूर आहे पण सात-बाऱ्यावर नाव चढलेले नाही, किंवा सात-बारा एकाच्या नावे आणि नांगर दुसऱ्याचा, असे प्रसंग ज्याने पाहिले आहेत त्याला स्विचमधला गोंधळ सांगावा लागत नाही. फरक एवढाच, की महसुली कायदा सात-बाऱ्याच्या नोंदीस, ती खोटी ठरेपर्यंत, खरी मानतो. स्विचमध्ये मात्र वरचे दफ्तर हा केवळ हेतू असतो आणि चिपमधली नक्कल हाच कायदा असतो. वरच्या तक्त्यात परवानगी असून खाली ती उतरली नसेल तर फ्रेम जाणार नाही. वरून परवानगी काढून घेतली असून खालची ओळ पुसली गेली नसेल तर फ्रेम बेलाशक जाईल. दुसऱ्या प्रकारची ओरड कोणी करीत नाही, कारण त्यात कोणाचे काम अडत नाही. माझ्या मते तोच अधिक गंभीर होय, आणि लेखकाने त्याला दिलेली पाने मला अपुरी वाटली.

खालची नक्कल उतरत का नाही, याची कारणे अनेक आहेत, आणि त्यांतील एक तर माणसाच्या आळसातून जन्मते. एका झोनमध्ये जितके सभासद, तितक्यांतील प्रत्येकाला उरलेल्या प्रत्येकाशी बोलण्याची मुभा असते, आणि ही मुभा चिपमध्ये दोन्ही दिशांनी वेगवेगळी लिहावी लागते. एक सर्व्हर आणि एक साठा एवढ्यांचाच झोन केला तर दोन ओळी पुरतात; दहा सभासदांचा केला तर ९० लागतात; आणि ‘पुन्हा पुन्हा कोण लिहीत बसणार’ म्हणून चाळीस सभासद एकाच झोनमध्ये कोंबले तर १,५६० लागतात, ज्यांतल्या बहुतेक ओळी दोन सर्व्हरांना आपसांत बोलण्याची अशी परवानगी देतात की जी त्यांना आयुष्यात कधी लागणार नाही. टीकॅमची जागा संपत आली की नव्या ओळीला ठाव मिळत नाही. स्विच याची वर्दी लॉगमध्ये देतो, नाही असे नाही. पण हजारो ओळींच्या लॉगमध्ये ती एक ओळ कोणाच्या दृष्टीस पडावी? एका झोनमध्ये एकच सर्व्हर ठेवावा, हा दंडक जुन्याजाणत्यांनी घालून दिला तो निव्वळ टापटिपीसाठी नव्हे.

माणसाच्या हातून होणारा दुसरा विसंवाद याहून सूक्ष्म आहे आणि त्याने अनेक जाणत्यांना चकविले आहे. झोनचा तक्ता दोन रूपांत नांदतो: एक लिहून ठेवलेला संपूर्ण संच आणि दुसरा प्रत्यक्ष अंमलात असलेला संच. सिस्कोच्या एमडीएस स्विचांत पहिल्याला फुल व दुसऱ्याला अॅक्टिव्ह म्हणतात. ब्रोकेडच्या स्विचांत याच जोडीला डिफाइन्ड आणि इफेक्टिव्ह अशी नावे आहेत. पहिल्यात बदल करून तो अंमलात आणावयाचे विसरले तर काहीच घडत नाही, आणि हा दोष पहिल्या अर्ध्या तासात सापडतो. खरा घात निराळा आहे. एमडीएसमध्ये, मुद्दाम सांगितले नसेल तर, एका स्विचवरून दुसऱ्या स्विचकडे जातो तो केवळ अंमलातला संच. लिहून ठेवलेला संपूर्ण संच ज्याचा त्याच्यापाशी राहतो. आता कल्पना करा, की दोन वर्षे सर्व बदल पहिल्या स्विचवरून होत आले, आणि एके रात्री नव्या पाळीच्या अभियंत्याने दुसऱ्या स्विचवर लॉगिन करून, तेथे दोन वर्षांपूर्वीचा जो संपूर्ण संच निपचित पडून होता त्यातच एक नवा झोन घालून तो अंमलात आणला. आज्ञा बिनचूक, व्याकरण शुद्ध, स्विचने कबूल केलेली. आणि पुढच्याच क्षणी दोन वर्षांत जोडलेले सारे सर्व्हर साठ्यापासून तुटलेले! दोन स्विचांवरील संपूर्ण संच आधी ताडून पाहिला असता तर हा अनर्थ टळला असता, आणि ते ताडून पाहावयास पाच मिनिटेही लागत नाहीत. ग्रंथकाराने या प्रकाराला एक स्वतंत्र प्रकरण दिले आहे ते योग्यच आहे.

स्विचा-स्विचांमधील इतर विसंवाद पुस्तकात विस्ताराने आले आहेत. येथे त्यांचा नुसता निर्देश पुरे. दोन स्विचांचे डोमेन क्रमांक एकच असले, किंवा त्यांच्या कालमर्यादा जुळत नसल्या (अशा दोन मर्यादा प्रत्येक स्विचवर असतात; त्यांची प्रचलित मूल्ये दोन आणि दहा सेकंद), किंवा एकाच नावाच्या झोनमध्ये दोघांकडे वेगवेगळे सभासद असले, तर त्यांच्यामधील दुवा स्वतःहून अलग होऊन बसतो आणि कारणही सांगतो. हे दोष गडबड करतात, पण लपत नाहीत. कोणत्याच झोनमध्ये नसलेल्यांना मुभा द्यावी की नाही हे मात्र साध्या पद्धतीत प्रत्येक स्विच आपल्यापुरते ठरवितो, आणि ही तफावत वर्षानुवर्षे कोणाच्या ध्यानात येत नाही.

उरतो तो विसंवाद, ज्याला कोणा माणसाचा हात लागलेला नसतो. सॉफ्टवेअर चालू स्थितीतच बदलावे, एक सुपरव्हायजर कार्ड बंद पडले तर दुसऱ्याने कारभार हाती घ्यावा, एखादी प्रक्रिया कोसळली तर तिने पुन्हा उभे राहून आपली पूर्वस्थिती आठवावी, अशा सोयी आजच्या स्विचांत असतात, आणि या प्रत्येक हस्तांतरात ‘खाली काय लिहिले आहे’ याविषयी वरच्याची समजूत आणि खालची वस्तुस्थिती यांत अंतर पडण्याची एक फट राहते. याशिवाय स्मृतीचा स्वतःचा एक विकार आहे. इंटेलमधील टिमथी मे आणि मरे वुड्स यांनी १९७८ मध्ये असे दाखवून दिले, की चिपच्या आवरणाच्या द्रव्यात लेशमात्र असलेल्या युरेनियम-थोरियममधून सुटणारे अल्फा कण स्मृतीतला एखादा बिट उलटवू शकतात. आणि पुढच्याच वर्षी झीगलर आणि लॅनफर्ड यांनी अंतराळातून येणारे विश्वकिरणही हेच करू शकतात असे प्रतिपादन केले. यात चिप बिघडत नाही. एक अक्षर बदलते एवढेच. आज अशा स्मृतींवर चूक हुडकणारे आणि सुधारणारे संकेत बसविलेले असतात, तरी ज्या तक्त्याच्या एका बिटावर परवानगी अवलंबून आहे त्या तक्त्याविषयी पूर्ण निर्धास्त राहण्याइतके कारण अद्याप मिळालेले नाही.

एका बिटाने केवढा हाहाकार माजतो याचा जो उत्कृष्ट दाखला इतिहासात आहे, तो साठवणुकीच्या जाळ्यांतला नव्हे. इंटरनेटचा पूर्वज जो अर्पानेट, त्यातला आहे, आणि त्याच्याकडे वळल्यावाचून या विषयाची प्रस्तावना पुरी होणार नाही असे मला वाटते. २७ ऑक्टोबर १९८० रोजी हे संपूर्ण जाळे कित्येक तास निकामी होऊन पडले. जाळ्यातील प्रत्येक यंत्र आपल्या दुव्यांची खबर इतरांस वेळोवेळी कळवीत असे आणि प्रत्येक खबरीवर ० ते ६३ मधला एक अनुक्रमांक घालीत असे. ६३ नंतर पुन्हा शून्य येत असल्यामुळे, दोन अनुक्रमांकांपैकी नवा कोणता, हे चक्राकार मोजणीने ठरे. त्या दिवशी एका यंत्राच्या स्मृतीतून बिट गळू लागले, आणि दुसऱ्या एका यंत्राची ४४ क्रमांकाची खबर तिघांच्या रूपाने जाळ्यात शिरली: द्विमान पद्धतीत ४४ म्हणजे १०११००, त्यातला एक बिट गळला की १०१०००, म्हणजे ४०, आणखी एक गळला की ००१०००, म्हणजे ८. आता नियमाप्रमाणे ४४ हा ४० पेक्षा नवा, ४० हा ८ पेक्षा नवा, आणि चक्र फिरून ८ हा ४४ पेक्षा नवा! प्रत्येक यंत्र ‘हीच ताजी खबर’ म्हणून एकीच्या जागी दुसरी लिही आणि शेजाऱ्याला कळवी, शेजारी तिसरी लिहून तिला परत कळवी, आणि या फेऱ्यात सर्व यंत्रांची सारी शक्ती खर्च होऊन बाकीच्या संदेशांना वाटच उरली नाही.

या प्रसंगाचे जे निवेदन एरिक रोझेन यांनी १९८१ मध्ये लिहिले, ते दोषशोधनाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने मुळातून वाचावे. त्यातील एका गोष्टीकडे मी विशेष लक्ष वेधू इच्छितो. एखादे यंत्र बंद करून पुन्हा चालू केले तरी काही उपयोग होत नसे, कारण ते शुद्धीवर येताच त्याचे शेजारी त्याच त्या तीन खबरी त्याच्या हातात देत. शेवटी, ज्या यंत्राच्या नावाने त्या खबरी फिरत होत्या त्याच्या खबरी सर्वांनी तूर्त दुर्लक्षाव्यात, अशी दुरुस्ती एकेका यंत्रात घालावी लागली, तेव्हा जाळे मोकळे झाले. ‘एकदा बंद करून चालू करून पाहा’ हा जो महामंत्र आमच्या व्यवसायात रात्रंदिवस जपला जातो, त्याची मर्यादा याहून स्पष्ट कोठे दिसेल असे वाटत नाही.

आता पद्धतीकडे येतो. समजा, सॉफ्टवेअर नवे करून झाल्यावर एका सर्व्हरकडून तक्रार आली, की एका साठ्यावरचे सर्व लन, म्हणजे साठ्याने त्याला नेमून दिलेल्या डिस्क, दिसेनासे झाले आहेत. सर्व्हर ज्या स्विचवर आहे तेथे फ्लोगी टेबल पाहिले. कार्डाचे नाव आहे आणि पत्ताही आहे. नेम सर्व्हरमध्ये तेच नाव, तोच पत्ता; कार्डापुढे ‘इनिशिएटर’ आणि साठ्यापुढे ‘टार्गेट’ अशी नोंद आहे. अंमलातला झोनसंच मागविला. दोघेही एका झोनमध्ये आहेत आणि दोघांच्याही पुढे तारांकन आहे. बहुतेक जण येथे थांबतात आणि ‘स्विचचा दोष नाही’ असा शेरा मारून तक्रार सर्व्हरवाल्यांकडे पाठवितात. परंतु हे तारांकन काय सांगते? एवढेच, की हा सभासद हजर आहे असे सॉफ्टवेअरला ठाऊक आहे. खाली चिपमध्ये त्याच्या नावे ओळ उतरली आहे की नाही, याविषयी ते तारांकन अवाक्षर काढीत नाही. म्हणून पुढची पायरी अशी, की सर्व्हरच्या पोर्टामागील चिपचा तक्ता उघडून त्यात सर्व्हरकडून साठ्याकडे जाणारी जोडी पाहावी, आणि मग साठ्याच्या पोर्टामागील चिपमध्ये साठ्याकडून सर्व्हरकडे येणारी जोडी पाहावी. समजा, पहिली आहे आणि दुसरी नाही. सर्व्हर साठ्याला लॉगिनची विनंती धाडतो, ती पोहोचते, साठा होकार देतो, आणि तो होकार स्विचच्या उंबरठ्यावरच टाकला जातो. सर्व्हर आपल्या परीने साधारण वीस सेकंद वाट पाहतो, पुन्हा विचारतो, आणि त्याच्या लॉगमध्ये ‘साठा उत्तर देत नाही’ अशी ओळ उमटते. साठवणुकीचे अभियंते म्हणतात, आम्ही तर उत्तर दिले. सर्व्हरवाले म्हणतात, आम्हांस मिळाले नाही. दोघेही खरे बोलत असतात.

या पद्धतीत दोन पथ्ये आहेत आणि दोन्ही ग्रंथकाराने आग्रहाने सांगितली आहेत. पहिले हे, की दोन तक्ते ताडावयाचे तर ते एकाच वेळचे असावेत. जाळे जिवंत असते. दहा वाजता घेतलेले फ्लोगी टेबल आणि सव्वादहाला घेतलेला नेम सर्व्हर यांत फरक दिसला तर तो दोष असेलच असे नाही, मधल्या काळात एखादा सर्व्हर उठला-बसला असेल. म्हणून फरक आढळला की थोड्या अवकाशाने दोन्ही तक्ते पुन्हा घ्यावेत. जो फरक दोन्ही खेपांस तसाच राहतो तोच विश्वासार्ह. दुसरे पथ्य पुराव्याचे. वरच्या उदाहरणात साठ्याचे पोर्ट बंद करून पुन्हा उघडले असते तर नवी लॉगिन होऊन ओळी नव्याने लिहिल्या गेल्या असत्या आणि तक्रार तत्क्षणी मिटली असती. परंतु ती ओळ मुळात का उतरली नव्हती, हे कळण्याचे एकमेव साधनही त्याबरोबर पुसले गेले असते. पोर्टाला हात लावण्यापूर्वी संपूर्ण दफ्तराची नक्कल काढून घ्यावी. एका कुळातील स्विचांत यासाठी शो टेक-सपोर्ट आहे, दुसऱ्यांत सपोर्टसेव्ह आहे. ऐरोली-महाप्यातील डेटा सेंटरांत किंवा पुण्यात बसून परदेशीच्या ग्राहकांचे स्विच सांभाळणाऱ्या आमच्या तरुण मित्रांवर, ग्राहक फोनवर ताटकळत असताना, ही नक्कल काढण्याइतका धीर धरण्याचे दडपण किती असते याची मला जाणीव आहे. तरीही तेवढा धीर धरावाच लागतो, कारण उत्पादकाकडे तक्रार गेल्यावर तेथील तज्ज्ञ पहिल्याने तेच कागद मागतात.

आणखी एका मुद्द्याला पुस्तकात एकच परिच्छेद लाभला आहे, म्हणून मी येथे त्याची भर घालतो. शहाण्या संस्था साठवणुकीची दोन स्वतंत्र जाळी बांधतात आणि प्रत्येक सर्व्हर दोहोंना जोडतात, ज्यायोगे एक कोसळले तरी दुसऱ्यावर काम चालावे. व्यवस्था उत्तम आहे, पण तिच्यामुळे एका जाळ्यातील विसंवाद महिनोन् महिने झाकला जातो; सर्व्हर निमूटपणे दुसऱ्या वाटेने काम करीत राहतो आणि आपली एक वाट बंद आहे हे कोणाला सांगत नाही, किंवा सांगितले तरी ते कोणी ऐकत नाही. मग एके दिवशी नियोजित कामासाठी दुसरे जाळे मुद्दाम बंद केले जाते, आणि ज्या दोषाला सहा महिन्यांपूर्वी कोणाचेही नुकसान न होता गाठता आले असते तो भर दुपारी सर्वांसमक्ष उभा राहतो. सबब, रुजवात तक्रार आल्यावर करावयाची नसून जाळे बंद करण्याच्या आदल्या दिवशी करावयाची आहे, आणि तीही दोन्ही जाळ्यांवर.

ग्रंथकाराशी माझा मतभेद आहे तो शेवटच्या प्रकरणापुरता. त्यात असे सुचविले आहे, की वरच्या आणि खालच्या तक्त्यांची तुलना स्विचने स्वतःच ठराविक अंतराने करावी, आणि फरक आढळल्यास वरच्याप्रमाणे खालचा दुरुस्त करून टाकावा. तुलनेचा पहिला भाग मला मान्य आहे. इथरनेटच्या कित्येक स्विचांत अशी सुसंगती-तपासणीची आज्ञा रुळलेली आहे आणि साठवणुकीच्या स्विचांत ती अधिक सुलभ व्हावी हे उघड आहे. दुसरा भाग मला धोक्याचा वाटतो. जी ओळ दर तासाला आपोआप दुरुस्त होते, ती दर तासाला का बिघडते हे कोणी विचारणार नाही; शिवाय वरचा तक्ताच चुकीचा असेल, म्हणजे अमान्य सर्व्हरला त्यात परवानगी राहून गेली असेल, तर ही दुरुस्ती त्या चुकीचा अंमल अधिक निष्ठेने करील. तपासणी यंत्राने करावी, फरकाची नोंद ठेवावी, आणि दुरुस्तीचा हुकूम माणसाने द्यावा, असे माझे मत आहे. लेखकाने या मतास पुस्तकाच्या परिशिष्टात उत्तर दिले आहे आणि त्यातील पहिला युक्तिवाद, म्हणजे हजारो पोर्टांच्या जाळ्यात माणसाच्या हुकुमाची वाट पाहणे परवडत नाही हा, सहज उडवून लावण्याजोगा नाही. वाचकाने दोन्ही बाजू वाचून, आणि स्वतःच्या ताब्यातील जाळे केवढे आहे ते पाहून, निर्णय घ्यावा.

पुस्तकातील तक्ते प्रत्यक्ष स्विचांवरून घेतलेले असून त्यांतील नावे आणि पत्ते तेवढे बदललेले आहेत. प्रत्येक प्रकरणाच्या अखेरीस एक-दोन तक्ते मुद्दाम विसंगत छापले आहेत आणि विसंगती कोठे आहे ते सांगितलेले नाही. तिसऱ्या प्रकरणातला दुसरा तक्ता मला पहिल्या वाचनात सुसंगत वाटला होता.